कलामहर्षी बाबूराव पेंटर आणि ‘सावकारी पाश’

भारतीय चित्रपटसृष्टीचा पाया घालणाऱ्यांत दादासाहेब फाळके यांच्या जोडीने आदराने घ्यावे असे नाव म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे होय. आम्हां निपाणी भागातील विद्यार्थ्यांना कागलवरून कोल्हापूरला जाणे नित्याचे आहे. परंतु त्या नगरीत शंभर वर्षांपूर्वी एका कारागिराने शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर आणले, हे आमच्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. घराणे कारागिरांचे. कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढता त्यांनी चित्रकला व शिल्पकला आत्मसात केली. नात्यातील बंधू आनंदराव हे त्यांचे सहकारी. दोघांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले आणि ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव होऊन बसले.

१९१३ साली फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकाशित झाला आणि या बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा तो स्वतःच घडवावयाचा असा त्यांनी निश्चय केला. दुर्दैवाने १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूराव खचले नाहीत. शिष्य दामले यांच्या साहाय्याने त्यांनी कॅमेरा पूर्ण केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी द्रव्य पुरविले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला व लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले. पुढे १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करून चित्रण केले.

देवादिकांच्या व वीरांच्या कथांवर कीर्ती मिळत असताना बाबूरावांनी १९२५ साली वेगळीच वाट धरली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर त्यांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. लोभी सावकाराच्या जाळ्यात सापडलेल्या एका तरुण शेतकऱ्याची जमीन जाते, घर उजाड होते आणि तो शहरात गिरणीकामगार होऊन पोट भरू लागतो, अशी ही कथा. शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पडद्यावर ना चमत्कार, ना तलवारींचा खणखणाट. केवळ झोपडीतील दारिद्र्य आणि छायाप्रकाशाने गडद झालेली उदासीनता.

ही कथा कल्पनेतून उपजलेली नव्हती. १८७५ साली पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून कर्जरोखे जाळले होते, आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा करावा लागला होता. ज्याला अक्षरओळख नाही, तो कागदावर अंगठा उमटवितो आणि पुढे जे घडते त्याला नशीब म्हणतो.

अमेरिकेत १९४० नंतर लोभ आणि दैव यांवरील काळोखे गुन्हेपट निघाले. १९४४ चा बिली वाइल्डर यांचा ‘डबल इन्डेम्निटी’ हा त्यांतील नामांकित. त्यातील विमा एजंट स्वतःच्याच मोहाने नाशाच्या खाईत जातो. बाबूरावांच्या कथेत मात्र लोभ एकाचा आणि नाश दुसऱ्याचा. आम्हांस वाटते, बाबूरावांचे मोठेपण येथेच आहे. शेतकरी ज्यास ललाटरेषा समजत होता, ती वस्तुतः माणसाच्याच हातची करणी होती, हे त्यांनी दाखविले.

पौराणिक चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांनी या चित्रपटाकडे पाठ फिरविली. बाबूरावांना पुन्हा जुन्या वळणाच्या कथांकडे वळावे लागले. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे शिष्य बाहेर पडले व त्यांनी प्रभात फिल्म कंपनी उभारली. गुरूची संस्था पुढे फार काळ तगली नाही. तथापि ‘सावकारी पाश’ बाबूरावांच्या मनातून गेला नव्हता. १९३६ साली तीच कथा त्यांनी बोलपटाच्या रूपाने पुन्हा सादर केली. तोट्यात गेलेल्या विषयास अकरा वर्षांनी हात घालावयास व्यापारी धजत नाही; कलावंत धजतो.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे देहावसान झाले. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बहुतेक मूकपटांच्या फिती आज नष्ट झाल्या आहेत. परंतु त्या पडद्यावरून त्यांनी दिलेला इशारा जुना झालेला नाही. आमच्यापैकी अनेकांच्या घरी तंबाखूची वा उसाची शेती आहे, आणि घरात येणारा प्रत्येक कागद वाचून दाखविण्याचे काम बहुधा आम्हां मुलांकडेच येते. तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत नीट वाचावा आणि मगच वडीलधाऱ्यांच्या हाती सही करण्यास द्यावा. या थोर कलावंताचे स्मरण करण्याचा याहून उचित मार्ग आम्हांस दिसत नाही.