आर्किमिडीज आणि २२ जुलैचा उत्सव

वर्तुळाचा परीघ त्याच्या व्यासाच्या किती पट असतो, ही संख्या दर्शविण्याकरितां ग्रीक वर्णमालेंतील पाय हें अक्षर विल्यम जोन्स यानें १७०६ सालीं योजिलें. अमेरिकेंत तारीख लिहितांना महिना आधीं घालतात. म्हणून ३/१४, म्हणजे १४ मार्च, हा पायचा दिवस सान फ्रान्सिस्को येथील एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञानसंग्रहालयानें १९८८ सालीं प्रथम साजरा केला, व २०१९ सालीं युनेस्कोनें तोच दिवस आंतरराष्ट्रीय गणितदिन म्हणून ठरविला. आपणांकडे दिवस आधीं व महिना मागून लिहितात. त्या रीतीनें २२/७ हा अपूर्णांक २२ जुलै रोजीं येतो. आम्हांस हाच दिवस अधिक आवडतो. एक तर मार्चांत मुलांच्या मानेवर परीक्षा बसलेली असते. दुसरें असें कीं, ज्या पुरुषानें २२/७ ही मर्यादा सिद्ध केली त्याचें स्मरण या दिवशीं आपोआप होतें. तो पुरुष आर्किमिडीज.

त्याचा जन्म ख्रिस्तपूर्व २८७ च्या सुमारास सिसिली बेटांतील सिराक्यूज या ग्रीक नगरांत झाला. प्रेषितांच्या कृत्यांत वाचकांनीं या नगराचें नांव वाचलें असेल; रोमकडे जातांना पौल तेथें तीन दिवस राहिला होता. आर्किमिडीजचा बाप फिडियस हा ज्योतिर्विद होता. मिसर देशांतील आलेक्झांड्रिया नगरीच्या विद्वानांशीं आर्किमिडीजचा पत्रव्यवहार असे, व आपले नवे शोध तो त्यांस कळवीत असे. हीरोन राजाचा मुकुट आणि स्नानाची टांकी यांची गोष्ट लहान मुलांसही ठाऊक आहे. ती येथें पुन्हा सांगत नाहीं.

त्याच्याजवळ वहीच्या वह्या नव्हत्या. वाळूंत, चुलींतील राखेंत तो आकृति काढी. अंगास तेल लावीत असतां त्या तेलावरही बोटानें रेषा ओढी, असें प्लुटार्क सांगतो.

वर्तुळ वांकडें, आणि माप मात्र सरळ पट्टीचें! ही अडचण त्यानें अशी सोडविली. वर्तुळाच्या आंत सहा सारख्या बाजूंची आकृति काढावी व बाहेरून त्यास स्पर्श करणारी तशीच दुसरी काढावी. परीघ या दोहोंच्या मध्यें कोंडला गेला. मग बाजूंची संख्या दुप्पट करीत जावें: १२, २४, ४८, ९६. प्रत्येक वेळीं मधली फट अरुंद होत जाते. ९६ बाजूंवर तो थांबला, आणि परीघ व्यासाच्या ३ पूर्णांक १०/७१ पटीहून अधिक व ३ पूर्णांक १/७ पटीहून कमी असतो, असें त्यानें सिद्ध केलें. दशांश चिन्ह नाहीं, आपली शून्ययुक्त अंकपद्धति नाहीं, अशा स्थितींत त्यानें हीं वर्गमुळें काढिलीं. ३ पूर्णांक १/७ म्हणजेच २२/७. मुलें हिला पायची किंमत म्हणून घोकतात. वस्तुतः ती किंमत नव्हे, वरची सीमा आहे.

या दिवशीं मुलें हातांनीं वस्तु करतात, व त्या टाकाऊ जिनसांच्या असाव्यात असा आमचा आग्रह असतो. थर्माकोल आणि चमकी यांची आरास दुसऱ्या दिवशीं गटारांत जाते आणि तेथें कुजत नाहीं. त्यापेक्षां बांबूची २२ इंच लांबीची कामटी घ्यावी, वांकवून तिचीं टोकें एकमेकांस भिडवावीं व दोऱ्यानें बांधावीं. आडवें मोजलें तर ७ इंच भरतात. अशीं तीन कडीं एकांत एक बसवून वर जुनें वर्तमानपत्र खळीनें चिकटविलें कीं कंदील झाला. तो नाताळापर्यंत टिकतो. कित्येक पालक आम्हांस विचारतात कीं, गणिताच्या तासाला कात्री आणि खळ कशाला? सुतारकाम तें सुतारकाम, आणि गणित तें गणित. हा प्रश्न नवा नाहीं, आणि याचें उत्तर आर्किमिडीजच्याच चरित्रांत सांपडतें.

प्लुटार्क हा आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर सुमारें तीनशें वर्षांनीं लिहीत होता. त्याच्या मतें आर्किमिडीज यंत्रकलेस हलकी समजे, व हातांच्या उद्योगाविषयीं एकही ग्रंथ मागें ठेवणें त्यास कमीपणाचें वाटे. हें चित्र शतकानुशतकें लोकांनीं खरें मानिलें. परंतु एराटोस्थेनीस या मित्रास आर्किमिडीजनें धाडलेलें एक पत्र उपलब्ध आहे. त्यांत आपले सिद्धांत आपणांस प्रथम कसे सुचले, तें तो मोकळेपणानें सांगतो. घन आकृतीचे पातळ पातळ काप कल्पून ते तो तराजूच्या दांड्यास टांगतो, दुसऱ्या बाजूस माहितीची आकृति टांगतो, आणि दोन्ही पारडीं समतोल झालीं कीं उत्तर काढतो. ही सिद्धता नव्हे, हें तो स्वतःच बजावतो. परंतु उत्तर आधीं हातीं आलें म्हणजे सिद्धता शोधणें सोपें जातें, असें त्याचें म्हणणें. हा तराजू मनांतला खरा. तथापि ज्यानें कधीं दांडी हातांत धरली नाहीं त्याच्या मनांत तो यावा कोठून? आमच्या मतें प्लुटार्कानें येथें आपल्या काळच्या बड्या लोकांची आवड आर्किमिडीजच्या अंगावर घातली.

गोल व त्यास नेमका सामावणारा दंडगोल यांचें प्रमाण त्यानें याच वाटेनें शोधिलें: गोलाचें घनफळ दंडगोलाच्या दोन तृतीयांश. बांबूचें एक पेर खालचें कांडें ठेवून, रुंदीइतक्याच उंचीवर कापावें, आणि त्यांत अगदीं बसेल असा शाडूचा गोळा करून त्यास मेण चोळावें. पेर पाण्यानें कांठोकांठ भरून गोळा हळूच आंत सोडला तर दोन भाग पाणी सांडतें, एक भाग उरतें.

पुढें रोमन सेनापति मार्सेलस यानें सिराक्यूजला वेढा दिला. आर्किमिडीजनें रचिलेलीं यंत्रें शत्रूवर धोंडे फेंकीत व गलबतें पकडून उचलीत; त्यामुळें नगर पुष्कळ काळ टिकलें. ख्रिस्तपूर्व २१२ मध्यें तें पडलें, आणि सुमारें ७५ वर्षांच्या त्या वृद्धास एका शिपायानें ठार केलें. त्यास जिवंत ठेवावें अशी मार्सेलसची इच्छा होती. त्याच्या थडग्यावर गोल व दंडगोल कोरिले होते. ख्रिस्तपूर्व ७५ सालीं सिसेरो सिसिलींत अधिकारी असतां त्यानें तें झुडुपांत बुजलेलें शोधून काढिलें. नगरवासी तें पार विसरले होते.

एराटोस्थेनीसला लिहिलेल्या पत्राची दशा तर याहून बिकट झाली. दहाव्या शतकांत कॉन्स्टँटिनोपल येथें त्याची चर्मपत्रावर प्रत झाली. १२२९ सालीं एका धर्मसेवकानें तीं पानें खरडून पुसलीं, मधोमध कापून आडवीं केलीं, आणि त्यांवर प्रार्थना लिहिल्या. चामडें महाग, म्हणून जुनें पान पुन्हा वापरावयाचें! त्याच्यावर रागवावें असें कांहींस वाटेल. परंतु प्रार्थनापुस्तक झालें म्हणूनच तें मठांत जपून राहिलें. १९०६ सालीं हायबर्ग या डॅनिश पंडितानें खालचीं पुसट अक्षरें वाचिलीं. पुढें पुस्तक नाहींसें झालें. १९९८ सालीं न्यूयॉर्कांत लिलांवास आलें, २० लाख डॉलरांस विकलें गेलें, आणि बाल्टिमोर येथील वॉल्टर्स संग्रहालयांत नवीन प्रकाशयंत्रांनीं पुन्हा वाचलें गेलें. त्या पत्राची दुसरी ग्रीक प्रत जगांत नाहीं.

याच पुस्तकांत स्टोमाकियन नांवाच्या खेळाविषयींचा त्याचा तुटक लेखही आहे. एका चौरसाचे चौदा तुकडे करावयाचे, व ते पुन्हा जुळवून चौरस साधावयाचा. उभे आडवे बारा घर आंखलेल्या कागदावर या तुकड्यांचे सर्व कोपरे नेमके रेघांच्या छेदांवर पडतात. म्हणून पाचवीच्या मुलासही ते कापतां येतात. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यास उत्तम. २००३ सालीं गणकयंत्रानें मोजून पाहिलें, तेव्हां तुकडे जुळविण्याच्या १७,१५२ रीति निघाल्या.