शहराचे कोडे उलगडणारा अर्थशास्त्रज्ञ : आल्फ्रेड मार्शल

मागणीची लवचिकता, उपभोक्त्याचे संतोषाधिक्य, मागणी-पुरवठ्याच्या एकमेकींना छेदणाऱ्या रेषा एवढ्यापुरते मार्शल आपण सर्वच वाचतो. परंतु कारखाने आणि माणसे ठराविक ठिकाणीच का गोळा होतात, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर मला अधिक मोलाचे वाटते.

मार्शल यांचा जन्म २६ जुलै १८४२ रोजी लंडनच्या बर्माँडसी भागात झाला. हा भाग कातडी कमावणाऱ्यांचा. वडील बँक ऑफ इंग्लंडमध्ये नोकरीला होते. मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही त्यांची इच्छा; मुलाला ओढ गणिताची. अखेर चुलत्यांकडून कर्जाऊ पैसे घेऊन मार्शल केंब्रिजला गेले आणि १८६५ मध्ये गणिताच्या परीक्षेत दुसरे आले.

पुढे दारिद्र्य अटळ आहे का, या प्रश्नाने त्यांना पछाडले. सुट्टीत ते शहरांच्या दरिद्री वस्त्यांतून हिंडत, माणसांचे चेहरे न्याहाळत. एका दुकानात दिसलेले खंगलेल्या माणसाचे चित्र त्यांनी विकत घेऊन खोलीत लावले. १८७७ मध्ये मेरी पेली यांच्याशी विवाह केल्यामुळे तेव्हाच्या नियमानुसार त्यांना फेलोशिप सोडावी लागली. १८८५ मध्ये ते प्राध्यापक होऊन केंब्रिजला परतले व १८९० मध्ये त्यांचा अर्थशास्त्राच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात त्यांनी शेफील्डची सुरी-कात्री, स्टॅफर्डशायरची चिनी मातीची भांडी अशा उद्योगांचा विचार केला. एकदा एका जागी रुजलेला धंदा तिथेच का टिकतो? त्यांनी तीन कारणे सांगितली. कुशल कामगाराला तिथे काम मिळते आणि मालकाला कामगार. धंद्याला पूरक असे छोटे व्यवसाय शेजारी उभे राहतात. आणि कसबाची गुपिते गुपिते राहत नाहीत. मुले ती नकळत शिकतात.

माझे गाव इचलकरंजी. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग बसवला. आज चार माग टाकू पाहणारा माणूसही गावातच जागा शोधतो. कारण सुताचा व्यापारी, सायझिंग, जॉबर सारे हाकेच्या अंतरावर. मार्शल यांनी हे गाव पाहिले नव्हते, तरी त्याचे गणित त्यांनी अचूक मांडले होते.

मात्र या गर्दीची किंमत कोण मोजतो, हेही त्यांनी पाहिले. १८८४ मध्ये लंडनच्या गरिबांच्या घरांविषयी लिहिताना, ज्या धंद्यांना राजधानीची गरज नाही ते कामगारांसह बाहेर मोकळ्या जागी न्यावेत, असे त्यांनी सुचवले. जमिनीचा भाव मालकाच्या कष्टाने नव्हे, तर भोवतीच्या वस्तीमुळे वाढतो. म्हणून शहरी जमिनीवर ताज्या हवेसाठी कर बसवावा आणि त्यातून दाट वस्तीत मोकळ्या जागा राखाव्यात, असेही त्यांनी १८९९ मध्ये सरकारपुढे मांडले.

१३ जुलै १९२४ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. पुण्या-मुंबईकडे निघालेल्या आपल्या मित्रांना नुसता मोह ओढून नेत नाही. तिथे जमलेल्या माणसांमुळेच तिथे काम आहे. पण त्याच माणसांमुळे वाढलेल्या जमिनीच्या किमतीतला काही वाटा त्यांच्या श्वासासाठी खर्च व्हावा, ही मार्शल यांची मागणी अद्याप पुरी व्हायची आहे.