अंगणात भरलेली शाळा : ताराबाई मोडक

लहान मुलाला जगात कसे वावरावे हे कोण शिकवते? जेवणापूर्वी हात धुवावेत, आपली पाळी येईपर्यंत थांबावे, खेळून झाल्यावर खेळणी जागच्या जागी ठेवावीत, दुसरा रडू लागला तर त्याला जवळ घ्यावे, या गोष्टी कोणत्याही परीक्षेला नेमलेल्या नसतात. पण त्या शिकल्याशिवाय माणूस चार माणसांत बसू शकत नाही. पूर्वी हे काम आजी, आई, थोरली भावंडे आणि शेजारपाजार मिळून करीत असत. आज आपल्या पनवेलमध्येही जुन्या घरांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, अनेक घरांतील आईवडील दोघेही सकाळच्या लोकलने मुंबईकडे निघतात, आणि या कामाचा बराचसा भार पडद्यावरच्या बाहुल्यांवर आणि चित्रांवर येऊन पडला आहे.

त्या बाहुल्यांना नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. १९६९ साली अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’ हा कार्यक्रम सुरू झाला, तो गरीब वस्त्यांतील मुले शाळेत जाण्यापूर्वीच मागे पडू नयेत या हेतूने. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच्या ‘किलबिल’ कार्यक्रमाने महाराष्ट्रातील एका पिढीचे बालपण गाजवले. पुढे २००६ साली ‘सेसमी स्ट्रीट’चाच भारतीय अवतार ‘गली गली सिम सिम’ आपल्याकडे आला. लहान मुलाला रोजच्या जगण्याचे धडे गाण्यातून, गोष्टीतून, हसतखेळत द्यावेत ही त्यांच्यामागची कल्पना आपल्याला नवी व परदेशी वाटते. वस्तुतः ती महाराष्ट्रात त्याआधीच रुजली होती. तिथे पडदा नव्हता, वीज नव्हती; होते ते एक सारवलेले अंगण आणि त्यात मुलांबरोबर मांडी घालून बसलेली एक पदवीधर बाई. मुंबईत दूरदर्शन सुरू झाले तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या होत्या, आणि वर्ष पुरे होण्याच्या आत त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्या म्हणजे पद्मभूषण ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. मुलींनी शिकावे की नाही याचा घरोघर वाद चालू असण्याच्या त्या काळात या घराने तो वाद आपल्यापुरता केव्हाच मिटवला होता. ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. आज पदवी ही घरोघरची गोष्ट झाली आहे. त्या वर्षी पदवी घेणाऱ्या मराठी मुली बोटांवर मोजण्याइतक्याच असतील.

पदवीनंतर त्यांचा विवाह अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी झाला. संसार सुखाचा झाला नाही. १९२१ साली घटस्फोट झाला, तेव्हा ताराबाईंचे वय एकोणतीस होते आणि पदरात एक लहान मुलगी होती. शंभर वर्षांपूर्वीच्या समाजात नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईला कोणत्या नजरांना तोंड द्यावे लागत असेल, याची कल्पना करण्यास आपल्याला फारसे कष्ट पडू नयेत; त्या नजरा अजून पूर्णपणे गेलेल्या नाहीत. ताराबाईंनी कोणाच्या आश्रयाला जाण्याऐवजी नोकरी पत्करली. राजकोट येथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्या झाल्या. पगार चांगला, मान मोठा. एखाद्याने तेथेच आयुष्य स्थिर केले असते.

पण तिथून जवळच, भावनगरला, एक वेगळाच प्रयोग चालू होता. गिजुभाई बधेका नावाच्या एका वकिलाने वकिली सोडून १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. त्या बालमंदिरात छडी नव्हती, बक्षीसही नव्हते. मुले गात, गोष्टी ऐकत, माती कालवीत, झाडलोट करीत आणि त्यातूनच शिकत. ताराबाईंनी ते काम पाहिले आणि १९२३ च्या सुमारास प्राचार्यपद सोडून त्या गिजुभाईंबरोबर काम करू लागल्या. ज्या बाईला एकटीने मुलगी वाढवायची होती तिने निश्चित पगाराची जागा सोडून एका धडपडणाऱ्या प्रयोगात उडी घ्यावी, हा त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा निर्णय होय.

या प्रयोगाचे मूळ इटलीत होते. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममधील एका गरीब कामगार वस्तीत आपले पहिले बालगृह काढले. मुलांना अक्षरे शिकवण्याआधी त्यांनी काय शिकवले? गुंडी लावणे, पाणी न सांडता ओतणे, टेबल पुसणे, खुर्ची आवाज न करता उचलणे. मोठ्यांना क्षुल्लक वाटणाऱ्या या कामांत मूल तासन् तास रमते, कारण त्यात त्याला आपण मोठे होत असल्याचा आनंद मिळतो, हे मॉन्टेसरींनी ओळखले. उपदेशाने सवय लागत नाही, करून पाहिल्याने लागते, हे त्यांच्या पद्धतीचे सार म्हणता येईल. गिजुभाई आणि ताराबाई यांनी ते सार उचलले आणि त्याला आपल्या मातीतली गाणी, गोष्टी, सण आणि खेळ जोडले.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून हे विचार गुजरातीत आणि नंतर मराठीत घरोघर जाऊ लागले. ताराबाईंनी पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांची नावे पाहिली तरी त्यांची दृष्टी कळते : ‘बालकांचा हट्ट’, ‘बिचारी बालके’. मूल हट्ट करते तेव्हा त्याला गप्प कसे करावे असा प्रश्न आपण विचारतो. ते हट्ट का करते हा प्रश्न ताराबाई विचारीत. मोठ्यांच्या राज्यात मुलांवर कळत नकळत होणारा अन्याय त्यांना सलत असे. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. तेथे मुलांबरोबर शिक्षिकाही तयार होऊ लागल्या. मध्यमवर्गीय दादरने हे काम मनापासून स्वीकारले.

आणि इथेच ताराबाईंना आपल्या कामातील उणीव दिसली. मॉन्टेसरींनी जी पद्धत गरिबांच्या मुलांसाठी काढली, ती आपल्याकडे येईपर्यंत श्रीमंत व सुशिक्षितांची झाली होती. तिची लाकडी साधने महाग, तिच्या शाळा शहरात. खेड्यातील मजुराच्या मुलाच्या हाती त्यातले काय लागणार? गांधीजींच्या ग्रामसेवेच्या विचाराने हा प्रश्न अधिकच टोकदार केला. शेवटी १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई दादर सोडून डहाणूजवळच्या बोर्डी या गावी गेल्या. लोक निवृत्तीचा विचार करू लागतात त्या वयात त्यांनी पाटी कोरी केली.

त्याच वर्षी बोरिवलीच्या एका ग्रामसेविका शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. बालपणीच लग्न होऊन लगेच वैधव्य आलेल्या, शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या अनुताई ताराबाईंबरोबर बोर्डीस आल्या आणि अखेरपर्यंत त्यांच्याबरोबर राहिल्या. समाजाने ज्यांचे संसार संपले असे मानले होते, अशा या दोन स्त्रियांनी पुढे शेकडो मुलांचा संसार मांडला.

बोर्डीत बालवाडी निघाली. गावातील मुले आली. पण आदिवासी पाड्यांवरची मुले येईनात. बोलावून आणली तरी टिकेनात. एखाद्याने निष्कर्ष काढला असता की या लोकांना शिक्षणाची आवड नाही. ताराबाईंनी तसा सोपा निष्कर्ष काढला नाही. त्या पाड्यावर जाऊन पाहू लागल्या. पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर तान्हे भावंड असे. आई मजुरीला गेलेली. सात-आठ वर्षांचा मुलगा गुरांमागे रानात असे. ही मुले रिकामी नव्हतीच. ती घर चालवीत होती. तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, असे ताराबाईंनी ठरवले.

म्हणून पाड्यावरच्या अंगणातच शाळा भरू लागली, आणि तिला नाव मिळाले अंगणवाडी. पहिला धडा अक्षरांचा नसे. मुलांचे हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे, अंगण झाडणे, मग गाणे आणि गोष्ट. महाग साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आणि मातीची भांडी आली. चिंचोके मोजून गणित आले, पाने लावून लहानमोठ्याचा क्रम आला. सारे घराजवळ, आईच्या डोळ्यांसमोर घडत असल्याने मुलाबरोबर आईही शिकू लागली, हा या पद्धतीचा मोठाच लाभ होता.

१९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. तिथे विकासवाडी उभी राहिली : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. थोरल्या बहिणीने यावे, कडेवरचे भावंड पाळण्यात ठेवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि आपण वर्गात बसावे. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली; जिथे गुरे चरतात तिथेच शिक्षकाने जायचे. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग भरत. यात चमत्कार काही नाही. मुलाच्या दिवसाकडे कोणीतरी नीट पाहिले होते, एवढेच.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत वाहिले. ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. त्या योजनेच्या केंद्राला नाव मिळाले तेही अंगणवाडी. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पाड्यावरचा हा शब्द देशाच्या कारभारात जाऊन बसला. आज देशात अशी तेरा लाखांहून अधिक केंद्रे आहेत.

मुंबईत दूरदर्शन आले तो २ ऑक्टोबर, आणि देशात सरकारी अंगणवाडी आली तोही २ ऑक्टोबर. मधे तीन वर्षांचे अंतर. योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये. तरी लहान मुलाला शिकवण्याच्या या दोन वाटा शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. दोन्ही मुलाच्या घराशी आल्या. दोन्ही गाणी आणि गोष्टी घेऊन आल्या. पडदा एकाच वेळी लाखो घरांत पोचतो, हे कोणत्याही ताईला जमणार नाही. आणि चांगला कार्यक्रम मुलाला भाषा देतो, कल्पना देतो, हे खरे आहे. पण पडद्यावरची बाहुली मुलांना दिसते, तिला मात्र मूल दिसत नाही. तिने हात धुवा म्हटले, तरी समोरच्या मुलाच्या घरी पाणी आहे की नाही हे तिला ठाऊक नसते. वाटून खा म्हणताना तो आज जेवला आहे की नाही, हे तिला कळत नाही. पाड्यावर मुले का येत नाहीत हे ताराबाईंना कळले, कारण त्या पाड्यावर गेल्या होत्या. त्यांच्या साऱ्या शिक्षणशास्त्राचा पाया या जाण्यात आणि पाहण्यात आहे.

म्हणून मुलांचे कार्यक्रम बंद करा असे नव्हे, तर त्यांच्या शेजारी कोणीतरी बसा, एवढेच ताराबाईंच्या चरित्रातून घ्यायचे आहे. पडद्यावर गाणे लागले तर मुलाबरोबर ते म्हणावे, आणि गाणे संपल्यावर त्याला घेऊन मोरीवर जावे व खरोखरीचे हात धुवावेत. धडा पुरा होतो तो मोरीवर.

मित्रहो, आपल्या पनवेल तालुक्यात कर्नाळ्याच्या आणि प्रबळगडाच्या पायथ्याशी ठाकूर व कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. शहराच्या चकचकीत इमारती तिथून दिसतात. वीटभट्टीच्या हंगामात अनेक कातकरी कुटुंबे मुलांसह घर सोडून जातात, आणि अंगणवाडीच्या पटावरचे नाव पटावरच राहते. गावोगावच्या अंगणवाडी सेविका ताराबाईंचे काम अजूनही करीत आहेत, आणि त्यांच्या मोबदल्याला आपण अजूनही पगार न म्हणता मानधन म्हणतो. आपल्यापैकी कोणी शिक्षक होतील, कोणी अधिकारी. बहुतेक सारे आईबाप होतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी एखाद्या वाडीवर गेलो, तर रस्ता आणि बंधारा यांच्या जोडीला तिथल्या अंगणवाडीतही एक सकाळ बसून पाहावे. कोणते मूल आले आहे ते पाहावे. आणि जे आले नाही ते कुठे आहे, हे त्याच्या घरी जाऊन विचारावे. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीत हाच प्रश्न विचारला होता.