हवेवर चालणारे चाक

[सायकल, रिक्षा, मोटार, विमान या सर्वांची चाके हवेवर धावतात. ही हवा चाकात भरण्याची युक्ती ज्यांनी जगभर पोहोचवली, त्या जॉन बॉइड डनलॉप यांच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे.]

सायकलवरून शाळेत येणाऱ्या मुलांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. चाकातली हवा कमी झाली, की सायकल जड जाते आणि पाय भरून येतात. हवा नेमकी भरली, की तीच सायकल हलकी होऊन पळू लागते. हवा डोळ्यांना दिसत नाही. पण सायकलीचे आणि आपले ओझे तीच पेलते.

एके काळी असे नव्हते. गाडीची चाके लाकडाची किंवा लोखंडाची असत. पुढे त्यांच्यावर भरीव रबर बसवू लागले. तरीही खडबडीत रस्त्यावर प्रत्येक दगडाचा धक्का बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत पोहोचत असे. ही अडचण दूर करणारा माणूस कोणी मोठा शास्त्रज्ञ नव्हता. तो होता गुरांचा डॉक्टर!

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी झाला. घरी शेती होती. जॉनला शिक्षणाची आवड होती. त्याने एडिंबरा शहरात जाऊन पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले आणि तो गुरांवर उपचार करू लागला. काही वर्षांनी, १८६७ साली, डनलॉप आयर्लंडमध्ये गेले. पुढे बेलफास्ट शहरात त्यांनी आपला दवाखाना उघडला. त्या काळी गाड्या ओढायला घोडेच लागत, त्यामुळे गुरांच्या डॉक्टरला कामाची वाण नव्हती. मेहनत आणि सचोटी यांमुळे डनलॉप यांचा चांगला जम बसला.

त्यांच्या मुलाचे नाव जॉनी. त्याच्याकडे एक तीनचाकी सायकल होती. तिची चाके भरीव रबराची होती आणि बेलफास्टचे रस्ते दगड बसवलेले होते. सायकल चालवताना मुलाला सारखे धक्के बसत. आपली सायकल अधिक सुखाने आणि अधिक वेगाने धावावी, असे त्याला वाटे. मुलाची ही अडचण वडिलांच्या मनात घोळू लागली. धक्का चाकातच जिरवता आला तर? भरीव रबराऐवजी रबराच्या नळीत हवा कोंडली तर?

डनलॉप नुसता विचार करून थांबले नाहीत. त्यांनी लाकडाची एक गोल तबकडी घेतली. पातळ रबराची एक नळी तयार करून ती तबकडीच्या कडेने बसवली. तिच्यावर कापड गुंडाळून ते खिळ्यांनी पक्के केले. मग फुटबॉलमध्ये हवा भरण्याच्या पंपाने त्या नळीत हवा भरली.

आता परीक्षा घ्यायची होती. दवाखान्याच्या अंगणात त्यांनी आधी सायकलीचे भरीव रबराचे चाक जोराने घरंगळत सोडले. ते काही अंतर गेले आणि आडवे पडले. मग त्यांनी हवेचे चाक तसेच सोडले. ते सारे अंगण ओलांडून गेले आणि पलीकडे आपटून उसळी मारून मागे आले! डनलॉप यांना आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते.

असे का झाले? भरीव चाक खड्यावर चढते, तेव्हा संपूर्ण चाक वर उचलले जाते आणि त्यात वेग खर्च होतो. हवेचे चाक खड्याभोवती थोडेसे दबते आणि लगेच पूर्ववत होते. त्यामुळे धक्काही कमी बसतो आणि वेगही टिकतो.

१८८८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात जॉनीच्या सायकलीला हवेची चाके बसली. त्याच वर्षी डनलॉप यांनी आपल्या शोधाचे पेटंट घेतले. पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला सरकारकडून मिळणारा हक्क. ठरावीक वर्षे दुसऱ्या कोणालाही त्या शोधावर व्यापार करता येत नाही.

लोकांना मात्र ही जाड, फुगीर चाके पाहून हसू येई. १८८९ साली बेलफास्टमध्ये सायकलींच्या शर्यती झाल्या. विली ह्यूम नावाचा तरुण हवेची चाके लावून शर्यतीत उतरला. प्रेक्षक त्याची चेष्टा करू लागले. शर्यत संपली, तेव्हा ह्यूम सर्वांच्या पुढे होता. चेष्टा करणारे गप्प झाले. हरलेल्यांत हार्वे ड्यू क्रो या व्यापाऱ्याची मुलेही होती. मुले हरली म्हणून ड्यू क्रो रागावला नाही. उलट त्या चाकाची किंमत त्याने ओळखली. त्याच्या पुढाकाराने डब्लिन शहरात हवेचे टायर बनवणारी कंपनी निघाली. डनलॉप यांनी आपले पेटंट त्या कंपनीला दिले.

सारे सुरळीत चालले असताना १८९० साली एक अनपेक्षित बातमी आली. डनलॉप यांचे पेटंट ग्राह्य नाही, असे कळले! रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. त्या वेळी तो अवघा तेवीस वर्षांचा होता. त्याने आपली चाके घोडागाडीला लावून लंडनमध्ये चालवूनही दाखवली होती. पण तेव्हा सायकली नव्हत्या, मोटारी नव्हत्या आणि चांगले पातळ रबर महाग होते. थॉमसनचा शोध उत्तम होता. काळ तयार नव्हता. लोक त्याला विसरून गेले. डनलॉप यांना त्याची काहीच माहिती नव्हती. त्यांनी तोच शोध स्वतंत्रपणे लावला होता.

कंपनी बुडते की काय, अशी भीती निर्माण झाली. पण दुसऱ्या संशोधकांनी केलेल्या सुधारणांचे हक्क कंपनीने विकत घेतले. चाकावरून सहज काढता येणारा टायर आणि आतली हवा रोखून धरणारा व्हॉल्व्ह या त्यांतल्या महत्त्वाच्या सुधारणा होत. त्यांच्या बळावर कंपनी तरली. डनलॉप यांचे मन मात्र तेथे फार काळ रमले नाही. १८९५ साली त्यांनी राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी ती कंपनी तीस लाख पौंडांना विकली गेली. हवेच्या टायरवर इतरांनी अफाट पैसा मिळवला. डनलॉप यांच्या वाट्याला त्या मानाने थोडेच आले. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे नाव मात्र टायरबरोबर जगभर फिरले. भारतातही पश्चिम बंगालमधील साहागंज येथे १९३६ साली डनलॉप नावाच्या टायरचा मोठा कारखाना सुरू झाला. पुढे तो बंद पडला.

हवेचे चाक आले, तशी एक नवी जबाबदारीही आली. हवा योग्य प्रमाणात असली पाहिजे. ती कमी झाली, की टायरच्या बाजू सारख्या दबतात, टायर तापतो आणि वेगात असताना फुटूही शकतो. त्यातून भयंकर अपघात होतात. म्हणून आजच्या अनेक मोटारींत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हजवळ, एक छोटे यंत्र बसवलेले असते. त्याला सेन्सर म्हणतात. तो हवेचा दाब मोजतो आणि रेडिओलहरींनी मोटारीतल्या संगणकाला कळवतो. दाब कमी झाला, की चालकासमोर दिवा लागतो. अमेरिकेत २००७ सालापासून प्रत्येक नव्या मोटारीत अशी सोय असणे सक्तीचे आहे.

या सेन्सरची एक गंमत आहे. प्रत्येकाला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो आणि मोटारीचा संगणक फक्त ओळखीच्या क्रमांकाचेच ऐकतो. शेजारच्या मोटारीतला निरोप त्याने आपला समजू नये, म्हणून ही योजना. काही वर्षांनी सेन्सरची बॅटरी संपते व नवा सेन्सर बसवावा लागतो. त्या वेळी नव्याची ओळख संगणकाला करून द्यावी लागते. कारागीर हातातले एक छोटे यंत्र चाकाच्या व्हॉल्व्हजवळ धरतो, सेन्सरला जागे करतो आणि त्याचा क्रमांक मोटारीच्या संगणकात नोंदवतो. काही मोटारी थोडे अंतर चालवल्यावर नवा क्रमांक आपोआप शिकतात. ही नोंद झाली नाही, तर सेन्सर नवा असूनही दिवा लागलेलाच राहतो आणि हवा खरोखर कमी झाली तरी चालकाला कळत नाही.

दवाखान्याच्या अंगणात घरंगळलेल्या लाकडी तबकडीपासून हा प्रवास सुरू झाला. थॉमसन यांनी वाट दाखवली, डनलॉप यांनी ती रुळवली आणि कित्येकांनी ती पुढे नेली. आपल्या मुलाचे धक्के कमी व्हावेत, एवढीच एका पित्याची इच्छा होती. तिच्यातून साऱ्या जगाचा प्रवास सुखाचा झाला.

शब्दार्थ
वाण – कमतरता, कमी
सचोटी – प्रामाणिकपणा, ईमानदारी
जम बसणे – धंदा नीट चालू लागणे
जिरवणे – शोषून घेणे, जज्ब करणे
घरंगळणे – गोल गोल फिरत पुढे जाणे, लुढकणे
पूर्ववत – पहिल्यासारखे
ग्राह्य – मान्य करण्याजोगे
अफाट – खूप मोठे, बेहिसाब
सक्तीचे – लाजमी

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) डनलॉप यांचा व्यवसाय कोणता होता?
(२) हवेच्या चाकाचे पहिले पेटंट कोणी घेतले होते?
(३) मोटारीचा संगणक कोणत्या सेन्सरचे ऐकतो?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) डनलॉप यांनी अंगणात कोणता प्रयोग केला?
(२) थॉमसनचा शोध लोक का विसरून गेले?
(३) चाकात हवा कमी असल्यास काय होते?

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
मनात घोळणे, किंमत ओळखणे, गप्प होणे

उपक्रम : जवळच्या सायकल दुकानात जा. पंक्चर कसे काढतात ते पाहा आणि पाच वाक्यांत लिहा.