दूरत्वाचा विवेक : हेन्री कॅव्हेंडिश यांचे चरित्र

रानातले हरिण माणूस दिसताच पळत नाही. ठराविक अंतरापर्यंत ते उभे राहून न्याहाळते. ते अंतर कोणी ओलांडले की क्षणात दिसेनासे होते. रोखलेली दृष्टी त्यास धोक्याची खूण वाटते. त्याच्याकडे न पाहता आडवाटेने, सावकाश चालणाऱ्यास ते थोडे अधिक जवळ येऊ देते. हे दूरत्व गर्वाचे नव्हे, तुच्छतेचेही नव्हे. ते स्वसंरक्षणाचे होय. हा दृष्टांत झाला. त्याचे दार्ष्टांतिक इंग्लंडमधील शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांच्या चरित्रात आढळते.

कॅव्हेंडिश यांचा जन्म १० ऑक्टोबर १७३१ रोजी नीस येथे, डेव्हनशायरच्या ड्यूकच्या घराण्यात झाला. दोन वर्षांचे असतानाच ते मातृसुखास मुकले. १७४९ ते १७५३ या काळात ते केंब्रिज येथे शिकले. पदवी मात्र घेतली नाही. पुढे अपार संपत्ती हाती आली, तरी राहणी साधीच राहिली. त्यांनी विवाह केला नाही. घरातील दासींसमोरही ते येत नसत. जेवणात काय हवे ते चिठ्ठीवर लिहून मेजावर ठेवीत. अनोळखी माणूस सामोरा आला, तर मुकाट्याने काढता पाय घेत.

येथे शंका अशी की, हा मनुष्यद्वेष नव्हे काय? समाधान असे की, रॉयल सोसायटीच्या सभासदांच्या गुरुवारच्या भोजनास ते वर्षानुवर्षे नेमाने जात. द्वेष्टा असे करीत नाही. त्यांच्याशी बोलण्याची रीत जाणत्यांस ठाऊक होती. त्यांच्याकडे न पाहता, जणू रिकाम्या जागेस उद्देशून विषय काढावा; विषय मोलाचा असेल तर उत्तर मिळे. हरिणाच्या दृष्टांताशी हे तंतोतंत जुळते.

या वृत्तीचा गुण त्यांच्या कार्यात दिसतो. १७६६ मध्ये त्यांनी ज्वलनशील वायूचे, म्हणजे आज ज्यास हायड्रोजन म्हणतात त्याचे, गुणधर्म मोजून प्रसिद्ध केले. १७९७-९८ मध्ये, वयाच्या सहासष्टीच्या सुमारास, शिशाच्या गोळ्यांमधील अतिसूक्ष्म आकर्षण मोजून त्यांनी पृथ्वीची घनता ठरविली. माणसाच्या अंगाच्या उष्णतेनेही हवा हलून तराजू ढळेल, म्हणून त्यांनी खोली बंद ठेवली आणि बाहेरून दुर्बिणीने निरीक्षण केले. पृथ्वी पाण्याच्या ५.४८ पट घन आहे, असे उत्तर आले. आजचे मान ५.५१ आहे. जवळ न जाणे हेच येथे साधन ठरले.

आता दोष पाहावा. त्यांनी ग्रंथ एकही लिहिला नाही. निबंध वीसाहून कमी प्रसिद्ध केले. विजेच्या आकर्षण-अपकर्षणाचा नियम त्यांनी कूलोमच्या आधी पडताळला होता. विजेच्या प्रवाहाविषयीचा जो नियम ओहमच्या नावाने १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही त्यांच्या हाती आला होता. त्यासाठी मापनयंत्र नव्हते, म्हणून स्वतःच्या देहास बसणाऱ्या धक्क्यांची ते तुलना करीत. हे सारे कागदांतच राहिले. २४ फेब्रुवारी १८१० रोजी क्लॅपहॅम येथे ते निवर्तले. मॅक्सवेल यांनी ती टिपणे १८७९ मध्ये प्रसिद्ध केली, तोवर इतरांनी तेच श्रम पुन्हा केले होते.

त्यांस संकोच ओलांडता येत नव्हता, असेही म्हणता येत नाही. टॉर्पेडो नावाच्या माशाचा धक्का विजेचाच असतो, हे दाखविण्यास त्यांनी कातड्याचा कृत्रिम मासा बनविला आणि १७७५ मध्ये हंटर, प्रीस्टली आदींस आपल्या प्रयोगशाळेत बोलावून त्याचा धक्का अनुभवू दिला. सत्य पटवून देणे अगत्याचे वाटले, तेव्हा दार उघडले.

विवेक तो हाच. हरिण कोणाचे ऋणी नाही. त्याने अंतर राखले, तर कोणाचे काही बुडत नाही. मनुष्य मात्र पूर्वजांकडून ज्ञान घेऊनच ज्ञानी होतो. त्याने देहाने एकांती राहावे, त्यात दोष नाही. परंतु जाणलेले कुलुपात ठेवले, तर ते ऋण फिटत नाही.