डॉ. कमल रणदिवे : प्रयोगशाळा उभारणारी, मुलींसाठी वाट करणारी शास्त्रज्ञ

भाईंदरच्या केबिन रोडवरून रोज सकाळी स्टेशनकडे जाणाऱ्या गर्दीत एखादी बाई हातात जाड फाईल घेऊन चाललेली दिसते. सोबत मुलगा किंवा सून असते. दादरला उतरायचं, गाडी बदलून परळला जायचं, तिथून टाटा हॉस्पिटल. आपल्या वस्त्यांमध्ये टाटाला जाणं म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मात्र त्याच परळमध्ये एका मराठी बाईने कर्करोग का होतो याचा शोध घेण्यात आयुष्य घालवलं, हे आपल्या मुलामुलींना क्वचितच माहीत असतं. त्या डॉ. कमल रणदिवे.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलीने शिकलंच पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. कमल हुजूरपागेत शिकल्या, फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन विशेष प्राविण्यासह पदवीधर झाल्या. मुलीने डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा होती, पण कमल यांचा ओढा संशोधनाकडे होता. १९३९ साली गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. लग्नानंतर शिक्षण थांबलं नाही. पतीच्या पाठिंब्याने १९४३ साली त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केलं.

इथे एक गोष्ट आपण स्पष्ट बोलली पाहिजे. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसं महाडला पाण्यासाठी चवदार तळ्यावर गेली, तेव्हा कमल नऊ वर्षांच्या होत्या. त्यांच्या घरात पुस्तकं होती, प्राध्यापक वडील होते. आपल्या घरातल्या त्या वयाच्या मुलीला शाळेचं दारही बंद होतं. हे सांगितल्याने कमलताईंची बुद्धी किंवा कष्ट कमी ठरत नाहीत. बुद्धीला दार उघडं मिळालं की काय घडतं, एवढंच त्यातून कळतं.

मुंबईत आल्यावर त्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे नामवंत विकृतिशास्त्रज्ञ मार्गदर्शक म्हणून लाभले. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. पुढे खानोलकरांच्याच प्रोत्साहनाने त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीरातल्या पेशी काढून योग्य द्रवात आणि योग्य तापमानाला काचेच्या भांड्यात जिवंत ठेवायच्या, वाढवायच्या, हे तंत्र त्या तिथे शिकल्या. यालाच टिश्यू कल्चर म्हणतात.

याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या. त्यासाठी तिची परवानगी घेतली नव्हती. हेला या नावाने त्या पेशी जगभर वापरल्या गेल्या, आणि घरच्यांना वीसेक वर्षं त्याचा पत्ता नव्हता. विज्ञान कुणाच्या शरीरावर उभं राहतं आणि नाव कुणाचं होतं, हा प्रश्न चळवळीतल्या माणसाने विसरता कामा नये. प्रयोगशाळेत आपली माणसं हवीत, ती यासाठीही.

कमलताई परदेशात राहिल्या नाहीत. परत येऊन त्यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. देशातली या प्रकारची पहिली प्रयोगशाळा म्हणून तिची नोंद होते. उंदरांवर प्रयोग करून स्तनाच्या कर्करोगात अनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे त्यांनी तपासलं. पुढे केंद्राच्या संचालकपदाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली.

कुष्ठरोगावरचं त्यांचं काम आपल्याला विशेष जवळचं वाटावं असं आहे. कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढणारा समाज आपण पाहिला आहे. १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळालेला एक जिवाणू प्रयोगशाळेत वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे त्याच जिवाणूपासून कुष्ठरोगावरील लस तयार करण्यात आली. ज्याला लोक शाप समजत होते, त्याचं कारण त्या सूक्ष्मदर्शकाखाली शोधत होत्या. ऐकीव गोष्ट मानू नका, स्वतः तपासा, ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकतो. प्रयोगशाळेतलं रोजचं काम याहून वेगळं नसतं.

१९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. पण आमच्या मते त्यांचं मोठं काम १९७३ सालचं आहे. त्या वर्षी सहकारी स्त्रियांना सोबत घेऊन त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघ स्थापन केला. शिकलेल्या मुली संशोधन अर्ध्यावर का सोडतात, हे त्यांना ठाऊक होतं. मूल कुठे ठेवायचं, परक्या शहरात राहायचं कुठे, असे साधे प्रश्न आड येतात. म्हणूनच वाशीत या संघाने भाषणांवर न थांबता नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालवलं. निवृत्तीनंतर कमलताईंनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. २००१ साली त्यांचं निधन झालं.

मित्रमैत्रिणींनो, कमलताईंना वडील, पती आणि मार्गदर्शक, तिघांची साथ मिळाली. आपल्या मुलीला घरात ही साथ नसेल तर ती समाजाने द्यायची असते. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचं होतं, हे लक्षात ठेवू. दहावी झालेल्या मुलीला विज्ञान घ्यायचं असेल आणि घरात अभ्यासाला जागा नसेल, तर विहाराचा हॉल संध्याकाळी तिच्यासाठी उघडा ठेवता येतो. जयंतीच्या वर्गणीतून एक सूक्ष्मदर्शक घेता येतो. बार्टीच्या फेलोशिपचा अर्ज कसा भरायचा, हे आपल्यातलाच शिकलेला मुलगा सांगू शकतो.

टाटाला फाईल घेऊन जाणारी आपली माणसं आम्ही रोज पाहतो. उद्या त्याच गाडीने केबिन रोडवरची एखादी मुलगी संशोधनासाठी परळला जावी, यासाठी आपण काय करणार आहोत, हे यंदाच्या ८ नोव्हेंबरच्या आत प्रत्येक विहारात ठरवू या.

जय भीम! नमो बुद्धाय!