१६ व्या वर्षी व्हिक्टोरिया क्रॉस. कोण होता जॅक कॉर्नवेल?

लंडनजवळच्या लेटनमध्ये १९०० साली जन्मलेला जॅक शाळा सुटल्यावर मालपोचवणीच्या गाडीवर पोऱ्याचे काम करायचा. ऑक्टोबर १९१५ मध्ये तो ब्रिटिश नौदलात भरती झाला. ३१ मे १९१६ रोजी जटलँडच्या लढाईत ‘एचएमएस चेस्टर’वर त्याच्या तोफेवरचे साथीदार धडाधड कोसळले. छातीत पोलादाचे तुकडे घुसले, तरी जॅक आदेशाची वाट पाहत तोफेपाशीच उभा राहिला. २ जूनला ग्रिम्सबीच्या रुग्णालयात, आई पोहोचण्याआधीच, तो गेला. दफनही झाले ते सामायिक कबरीत! अ‍ॅडमिरल बीटी यांच्या अहवालात नाव झळकले आणि चित्र पालटले. जुलैअखेर त्याच्यावर लष्करी इतमामात पुन्हा अंत्यसंस्कार झाले. १६ नोव्हेंबरला राजे पंचम जॉर्ज यांच्या हस्ते आईने पदक स्वीकारले. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, युद्धसेवेत असतानाच, तिचा नवराही वारला होता.